कर्करोग आणि मधला माणूस

घरात कोणाला कर्करोग झाल्याचे कळले, की पहिला प्रश्न येतो तो हा : "बरं होईल ना?" दुसरा प्रश्नही लगोलग येतो, पण तो कोणी मोठ्याने विचारत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी, दबक्या आवाजात विचारतात : "खर्च किती येईल?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला डॉक्टर असतो. दुसऱ्याचे उत्तर पूर्वी घरच्या कर्त्या माणसाने द्यायचे. मग ते दागिने मोडून असो, की जमीन गहाण टाकून असो. विसाव्या शतकात मात्र या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारा एक नवाच माणूस पुढे आला. तो डॉक्टर नव्हे, रोगी नव्हे, रोग्याचा नातेवाईकही नव्हे. उपचाराचे पैसे जी संस्था देणार, तिच्या वतीने तो बोलतो. अमेरिकेत त्याला केस मॅनेजर म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी 'मधला माणूस' म्हणू या. माणूस म्हटले खरे, पण या कामावर बहुधा अनुभवी परिचारिकाच असते.

हा मधला माणूस आला कुठून? त्याला कर्करोगातले काय कळत होते आणि काय कळत नव्हते? आणि त्याच्या कळण्या-न कळण्याची किंमत कोणी मोजली? ही हकीगत अमेरिकेतली आहे. पण ती वाचताना आपल्याकडचे एखादे रुग्णालय आणि त्यातली एखादी खिडकी तुमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, तर त्यात नवल नाही.

हकीगतीची सुरुवात होते एका वाळवंटात. १९३३ साली कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात कोलोरॅडो नदीचे पाणी लॉस एंजेलिसकडे नेणाऱ्या कालव्याचे काम चालू होते. हजारो मजूर तिथे राबत होते. सिडनी गारफील्ड नावाच्या एका तरुण डॉक्टरने तिथे बारा खाटांचे छोटेसे इस्पितळ उघडले. रोगी पुष्कळ, पण पैसा हाती येईना. विमा कंपन्या बिले वेळेवर देत नसत, आणि जबर जखमी झालेला मजूर दूरच्या शहरात पाठवीत. इस्पितळ बंद पडायची वेळ आली. तेव्हा हॅरल्ड हॅच नावाच्या विमा क्षेत्रातल्या एका गृहस्थाने तोड सुचवली : मजूर आजारी पडल्यावर पैसे मागू नका, आधीच घ्या. प्रत्येक मजुरामागे रोजचे पाच सेंट इस्पितळाला द्यायचे. मग तो आजारी पडो वा न पडो. कामाबाहेरच्या दुखण्यांसाठी मजुरानेही आपल्या खिशातून रोज तेवढेच द्यायचे.

बघा, एवढ्याशा बदलाने सगळा हिशोबच उलटा झाला. पूर्वी माणूस आजारी पडला तर डॉक्टरला मिळकत; आता माणूस धडधाकट राहिला तर डॉक्टरला बचत. मजुरांच्या पायात खिळे घुसतात, हे पाहिल्यावर ते खिळे आधीच ठोकून बसवा, असा आग्रह डॉक्टरच धरू लागला! पुढे १९३८ मध्ये ग्रँड कूली धरणावर आणि १९४२ मध्ये रिचमंडच्या जहाजबांधणीच्या गोदीत कारखानदार हेन्री कैझर यांच्या कामगारांसाठी हीच पद्धत चालली. १९४५ साली ती सर्वसामान्य लोकांना खुली झाली. आजची कैझर पर्मनंटे ही मोठी संस्था ती हीच.

आधी वर्गणी आणि मग सेवा, ही या पद्धतीची चांगली बाजू. पण तिच्या पोटात एक धोकाही होता. जो आधीच पैसे घेतो, त्याला खिळे ठोकून पैसे वाचवता येतात. तसेच 'नाही' म्हणूनही वाचवता येतात. साध्या दुखण्यात ही दुसरी वाट फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. ती लक्षात आली पुढे, कर्करोगापाशी.

१९६५ साली अमेरिकन सरकारने वृद्धांसाठी मेडिकेअर योजना आणली आणि वैद्यकाचा खर्च झपाट्याने वाढू लागला. १९७० मध्ये पॉल एलवूड या डॉक्टरने सरकारला सुचवले, की गारफील्डच्या धर्तीवरच्या संस्था देशभर काढा. त्यांना त्याने 'आरोग्य राखणाऱ्या संस्था' असे नाव दिले. २९ डिसेंबर १९७३ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी त्याबद्दलच्या कायद्यावर सही केली. ऐंशीच्या दशकात या क्षेत्रात नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या मोठ्या संख्येने उतरल्या. या सगळ्या व्यवस्थेला मॅनेज्ड केअर, म्हणजे नियंत्रित सेवा, असे नाव पडले. नियंत्रण कशाचे? कोणत्या डॉक्टरकडे जायचे, किती दिवस इस्पितळात राहायचे, कोणती शस्त्रक्रिया करायची, या सगळ्याचे. महागड्या उपचाराला आधी परवानगी हवी. ती मागायची मधल्या माणसाकडे. १९९० साली या मधल्या माणसांची स्वतःची एक देशव्यापी संघटनाही उभी राहिली. इतके त्यांचे काम वाढले होते.

आता ही परिचारिका बिचारी काय करी? टेबलावर टेलिफोन, शेजारी नियमांचे पुस्तक, समोर रोग्यांच्या फायली. हाड मोडले असेल, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया असेल, तर पुस्तकात उत्तर सापडे. हाड सांधायला लागणारा काळ साधारण ठरलेला. पण कर्करोग म्हणजे एक आजार नव्हे. एकाच अवयवाच्या, एकाच नावाच्या कर्करोगातही एका रोग्याचा उपचार दुसऱ्याला लागू पडत नाही. त्यात उपचार दर चार-दोन वर्षांनी बदलणारे. काल ज्याला प्रयोग म्हणत, तो आज नित्याचा उपचार. आणि आजचा रामबाण उद्या टाकाऊ. इथे नियमांचे पुस्तक पुरत नाही. इथे पुरावा वाचता यावा लागतो. तो वाचायला तिला कोणी शिकवले नव्हते. आणि खरं सांगायचं, तर पुष्कळ डॉक्टरांनाही शिकवले नव्हते.

हे शिक्षण किती अवघड आहे, हे समजायला आधी थोडे मागे गेले पाहिजे. १८९४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या विल्यम हाल्स्टेड या नामांकित शल्यविशारदाने स्तनाच्या कर्करोगावरील आपल्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुसता स्तन नव्हे, तर त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही तो काढून टाकी. तर्क सरळ होता : रोग मुळासकट उपटायचा, तर जितके खोल खणाल तितके चांगले. जवळजवळ पाऊण शतक जगभर हाच उपचार चालला. बायका वाचत, पण हात सुजून जड होत, खांदा हलेनासा होई. कोणी शंका काढलीच, तर 'आमचा अनुभव आहे' असे उत्तर मिळे.

पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी हा अनुभव तराजूत घालायचे ठरवले. १९७१ पासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सतराशेच्या आसपास बायकांची मोठी चाचणी सुरू केली. कोणीवर मोठी शस्त्रक्रिया आणि कोणीवर लहान, हे डॉक्टरच्या मनावर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यासारखे दैवावर सोपवले. का? तर दोन्ही बाजूंना सारख्याच रोगी याव्यात म्हणून. निष्कर्ष असा निघाला, की मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नाही. दुसऱ्या एका चाचणीचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्यात तर असे दिसले, की योग्य रोग्यांमध्ये फक्त गाठ काढून नंतर किरणोपचार दिले, तरी बायका तितक्याच जगतात. म्हणजे पाऊण शतक ज्या बायकांनी एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसली, त्यांतल्या पुष्कळजणींना तिची गरज नव्हती.

या धड्याचे तात्पर्य दोन वाक्यांचे आहे. जास्त उपचार म्हणजे चांगला उपचार, असे नाही. आणि नुसता अनुभव पुरत नाही, तुलना करावी लागते. हा धडा १९८५ साली छापून आला. आता गंमत बघा, गंमत कसली, दैवदुर्विलासच म्हणायचा : त्याच सुमारास, त्याच रोगात, तीच चूक दुसऱ्या वेषात परत येत होती. या वेळी हत्यार सुरीचे नव्हते, औषधाचे होते.

कर्करोगावरची औषधे रोगाच्या पेशी मारतात, तशा हाडांच्या आतल्या मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशीही मारतात. म्हणून औषधाची मात्रा एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. पण रोग्याची थोडी मज्जा आधीच काढून थंड ठेवली, मग औषधाची प्रचंड मात्रा दिली, आणि नंतर ती मज्जा परत अंगात सोडली तर? रक्ताच्या कर्करोगात दुसऱ्याची मज्जा देण्याचे मोठे काम डॉ. डॉनल थॉमस यांनी केले होते. त्याबद्दल त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मग स्तनाच्या कर्करोगात रोग्याची स्वतःचीच मज्जा वापरून मात्रा वाढवावी, असा विचार पुढे आला. बॉस्टनच्या आणि ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तो हिरिरीने उचलला. पहिले निकाल डोळे दिपवणारे होते. रोग सर्वत्र पसरलेल्या बायकांच्या गाठी भराभर विरघळत होत्या.

पण हे निकाल फसवे का होते, ते नीट पाहू. या उपचाराला बायका निवडल्या जात त्या वयाने तरुण, हृदय-फुप्फुसे धड असलेल्या, आणि साध्या औषधालाही आधीच चांगला प्रतिसाद दिलेल्या. अशा बायका साध्या उपचारावरही इतरांपेक्षा जास्त जगतातच. शर्यतीसाठी आधी धट्टेकट्टे बैल निवडायचे, आणि ते जिंकले की श्रेय नव्या छकड्याला द्यायचे, तसा हा प्रकार झाला. दोन सारख्या जोड्या, एक नव्या छकड्याला आणि एक जुन्याला जुंपल्याशिवाय खरे कळणार कसे? शिवाय उपचार मोठा जालीम. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे १९८९ साली हा उपचार घेणाऱ्या शंभर बायकांपैकी बावीसजणी पहिल्या शंभर दिवसांतच दगावत. १९९५ पर्यंत हे प्रमाण शंभरात पाचांवर आले. खर्च एका रोग्यामागे लाख-दीड लाख डॉलरच्या घरात.

मग ही मागणी आली मधल्या माणसाच्या टेबलावर. विम्याच्या करारात एक वाक्य असे : प्रायोगिक उपचाराचे पैसे मिळणार नाहीत. कंपन्यांनी ते वाक्य दाखवून नकार द्यायला सुरुवात केली. १९९२ साली डॉ. डेव्हिड एडी यांनी तोवरचा सगळा पुरावा तपासून लिहिले, की या उपचाराने आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. म्हणजे कंपन्यांच्या नकाराला शास्त्राचा आधार होता. पण ते लोकांना पटणार कसे? नकार देणाऱ्याचाच त्यात पैसा वाचत होता. चोराने 'जागते रहो' म्हटले, तर कोण विश्वास ठेवील? आणि ज्या बाईला दोन लहान मुले आहेत, डॉक्टर सांगतो आहे की हा एकच उपाय उरला, तिला टेलिफोनवरून करारातले कलम वाचून दाखवायचे, हे बोलणाऱ्या परिचारिकेलाही जड जात असेल. कलम तिला ठाऊक होते. कलमामागचे कारण तिला समजावून सांगता येत नव्हते, कारण ते तिलाच कोणी समजावून सांगितले नव्हते.

शेवटी प्रकरण न्यायालयात गेले. कॅलिफोर्नियात एका बाईला कंपनीने हा उपचार नाकारला. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी वर्गणी करून दोन लाख डॉलरांवर रक्कम जमवली, उपचारही झाला. पण १९९३ साली ती गेली. खटल्यात असे पुढे आले, की नकार देणाऱ्या वरिष्ठांचा बोनस खर्च वाचवण्याशी जोडलेला होता. डिसेंबर १९९३ मध्ये ज्यूरीने कंपनीला सुमारे ८ कोटी ९० लाख डॉलरची भरपाई ठोठावली. पुढे दोन्ही पक्षांत तडजोड झाली; पण त्या आकड्याने साऱ्या विमा कंपन्यांना कापरे भरले. १९९४ साली केंद्र सरकारने आपल्या नोकरांच्या विमा योजनांना हा उपचार द्यायला भाग पाडले. काही राज्यांनी तसे कायदे केले. 'नाही'चे एकदम 'हो' झाले. मात्र पुरावा होता तेवढाच राहिला.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. खरे-खोटे ठरवणाऱ्या चाचण्या तेव्हा चालू होत्या. ब्लू क्रॉस ब्लू शील्डच्या काही योजनांनी त्यांचा खर्च उचलायचीही तयारी दाखवली होती. पण उपचार बाहेर हवा तसा मिळतो म्हटल्यावर चिठ्ठी टाकून घ्यायला कोण येणार? चाचण्या वर्षानुवर्षे रखडल्या. जी एक चाचणी तीन-चार वर्षांत संपायची, ती १९९० ते १९९७ अशी रेंगाळली. दरम्यान वीस हजारांहून अधिक बायका चाचणीबाहेर हा उपचार घेऊन गेल्या.

मे १९९९ मध्ये अटलांटा शहरात कर्करोगतज्ज्ञांची परिषद भरली. पाच चाचण्यांचे निष्कर्ष तिथे मांडले गेले. चारांत उपचाराचा फायदा दिसला नाही. एप्रिल २००० मध्ये त्यांतल्या एका चाचणीचा तपशील छापून आला : तीन वर्षांनंतर मज्जा-उपचार घेतलेल्यांपैकी ३२ टक्के हयात होत्या, आणि साधा उपचार घेतलेल्यांपैकी ३८ टक्के. हा फरक इतका थोडा, की तो योगायोगही असू शकेल. पण नव्या उपचाराने आयुष्य वाढले नाही, एवढे स्पष्ट झाले.

पाचव्या चाचणीत मात्र फायदा दिसत होता. ती दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गच्या डॉ. वर्नर बेझवोडा यांची. तीच पद्धत अमेरिकेत वापरून पाहावी, म्हणून २००० सालच्या आरंभी काही अमेरिकन डॉक्टर तिथली कागदपत्रे तपासायला गेले. कित्येक रोग्यांची कागदपत्रेच सापडेनात; जी सापडली, ती छापलेल्या माहितीशी जुळेनात. बेझवोडा यांनी खोटी माहिती दिल्याची कबुली दिली, आणि विटवॉटर्सरँड विद्यापीठाने त्यांना कामावरून काढले. त्यांचा १९९५ सालचा गाजलेला लेखही पुढे मागे घेण्यात आला. वर्ष-दोन वर्षांत स्तनाच्या कर्करोगासाठी हा उपचार जवळजवळ बंद पडला. ज्या बायकांनी आयुष्याचे शेवटचे महिने त्या काचेच्या खोल्यांत काढले, त्यांना ते कोण परत देणार?

आता दोष कोणाचा म्हणायचा? एका बोटाने दाखवावा असा एक गुन्हेगार इथे नाही. डॉक्टरांना रोगी वाचवायचे होते. कंपन्यांचा नकार बरोबर होता, पण त्यामागची नीयत लोकांना संशयास्पद वाटली, आणि त्या संशयाला कारणही होते. कारण याच काळात, चुकीच्या ठिकाणी 'नाही' म्हणण्याचे प्रकारही घडत होते. स्तन काढलेल्या बाईला त्याच दिवशी, शरीरातून निचऱ्याच्या नळ्या लोंबत असताना घरी पाठवतात, अशा तक्रारी १९९६-९७ मध्ये गाजल्या. अध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ साली आपल्या वार्षिक भाषणात त्यांचा उल्लेख केला. १९९८ मध्ये असा कायदा झाला, की जी विमा योजना स्तन काढण्याचा खर्च देते, तिने स्तनाच्या पुनर्रचनेचाही दिला पाहिजे. एकाच टेबलावरून एक 'नाही' शहाणपणाचे निघत होते आणि दुसरे 'नाही' निष्ठुरपणाचे. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखीच ऐकू येत.

म्हणून नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासून विचार सुरू झाला, की मधल्या माणसाला आणि त्याच्याशी टेलिफोनवर वाद घालणाऱ्या डॉक्टरलाही एकच पाठ द्यावा. १९९५ साली अमेरिकेतल्या तेरा प्रमुख कर्करोग रुग्णालयांनी एक जाळे उभारले आणि १९९६ पासून कोणत्या टप्प्यावरच्या कोणत्या कर्करोगाला काय करावे, याच्या मार्गदर्शिका काढायला सुरुवात केली. जिथे पुरावा भक्कम आहे तिथे तसे लिहायचे, आणि जिथे नुसते तज्ज्ञांचे मत आहे तिथे तसेही लिहायचे. ही मोठी गोष्ट झाली. डॉक्टर आणि परिचारिका निदान एकाच पानाकडे बोट दाखवू लागले.

पण पुस्तक हाती देणे म्हणजे शिक्षण नव्हे. वरच्या हकीगतीतून मधल्या माणसाने शिकायचे ते चार प्रश्नांत सांगता येईल. पहिला : ज्यांना हा उपचार मिळाला आणि ज्यांना नाही, ती माणसे मुळात सारखी होती का? दुसरा : गाठ लहान झाली, पण आयुष्य वाढले का? तिसरा : या उपचारानेच किती माणसे दगावतात आणि किती पंगू होतात? आणि चौथा, जो बहुतेकजण विसरतात : उपचार अजून चाचणीत असेल, तर ती चाचणी कुठे चालली आहे, आणि या रोग्याला तिथे कसे पोचवता येईल? या चौथ्या प्रश्नात 'हो' आणि 'नाही' यांच्यामधली तिसरी वाट आहे. ती वाट मोकळी करायला अमेरिकेला वेळ लागला. जून २००० मध्ये मेडिकेअरने चाचणीत भाग घेणाऱ्यांचा नेहमीचा खर्च द्यायचे मान्य केले. खाजगी विमा कंपन्यांवर तसे बंधन २०१० च्या कायद्याने आले आणि ते २०१४ पासून लागू झाले.

आतापर्यंत आपण अशा मधल्या माणसाविषयी बोललो, की जो पैसे देणाऱ्याच्या बाजूने उभा असतो. पण त्याच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये एकाने त्याला रोग्याच्या बाजूला आणून उभे केले. हार्लेम ही तिथली गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात हॅरल्ड फ्रीमन हे शल्यविशारद होते. १९६४ ते १९८६ या काळात तिथे आलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ६०६ बायकांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. निम्म्याजणी रोग हाताबाहेर गेल्यावर आल्या होत्या. पाच वर्षांनंतर हयात राहिल्या त्या ३९ टक्के. त्यांना कोणी 'नाही' म्हटले नव्हते. त्या पोचल्याच नव्हत्या. कोणाकडे विमा नाही, कोणाला रजा नाही, कोणाला मोठ्या इमारतीची भीती, कोणाचा तपासणीचा कागद हरवलेला. फ्रीमन यांनी तपासणी स्वस्तात किंवा फुकट उपलब्ध केली, आणि १९९० साली एक साधा माणूस नेमला. काम एवढेच, की संशयास्पद गाठ सापडलेल्या बाईचा हात धरून तिला निदानापर्यंत आणि निदानापासून उपचारापर्यंत न्यायचे. १९९५ ते २००० या काळातल्या ३२५ बायकांमध्ये पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. इथे नवे औषध नव्हते, मज्जा नव्हती, काचेची खोली नव्हती. तपासणी होती, आणि वाट माहीत असलेला माणूस होता. या कामाचे पैसे स्वतंत्रपणे द्यायला मेडिकेअरने सुरुवात केली ती मात्र २०२४ साली.

आता जरा आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती राज्यभर झाली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्या यादीतल्या रुग्णालयात एका टेबलाशी 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. कागदपत्रे तो पाहतो, आणि नियोजित उपचाराला आधी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे मधला माणूस आपल्याकडेही आला आहे. २०१२ सालीच टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने राष्ट्रीय कर्करोग जाळे सुरू झाले, आणि आपल्या देशाला परवडतील आणि झेपतील अशा उपचारांच्या मार्गदर्शिका त्याने तयार केल्या. परळला १९४१ साली उघडलेल्या याच टाटा रुग्णालयाने अलीकडे, २०१९ च्या सुमारास, रोग्यांना वाट दाखवणारे कार्यकर्ते तयार करण्याचा एक अभ्यासक्रम काढला. त्याला नाव दिले 'केवट'.

रामाला गंगापार नेणारा तो केवट, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. नाव चपखल आहे. पण नावाड्याचे काम नुसते गोड बोलून होत नाही, आणि नुसता उतारूंचा हिशोब ठेवूनही होत नाही. पाणी कुठे उथळ आहे, भोवरा कुठे आहे, आज नाव सोडावी की थांबावे, हे त्याला कळावे लागते. अमेरिकेतल्या त्या टेलिफोनपाशी बसलेल्या परिचारिकेला तिकिटाचा दर पाठ होता. नदी कोणी दाखवली नव्हती.

तेव्हा तुमच्या ओळखीच्या कोणावर हा प्रसंग आलाच, आणि टेबलापलीकडचा माणूस 'हो' किंवा 'नाही' म्हणाला, तर लगेच हरखूनही जाऊ नका आणि चिडूनही जाऊ नका. त्याला शांतपणे विचारा : "कशावरून?" डॉक्टरांनाही हाच प्रश्न विचारायला संकोचू नका. ज्याला नदी माहीत आहे, तो उत्तर देईल. ज्याला माहीत नाही, तो कलम वाचून दाखवील. मग जरा थांबा, आणि दुसऱ्या जाणत्या माणसाला विचारा.